उजव्या हाताची माळ

सुमन, परवा गंगेवर तुझा दहावा झाला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय तोच कावळा आला आणि भात उचलून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझा विकास हात जोडून म्हणाला, "आई समाधानानं गेली. काही इच्छा राहिली नव्हती तिची." बायकांनी माना डोलावल्या. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच मला दिसलं. तुझी एक इच्छा राहिली होती आणि ती त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही.

या नवरात्रात घटाची एक माळ उजव्या हाताने ओवायची, पुरी, आणि ती घटावर चढलेली बघायची. एवढीच इच्छा. कोणाला सांगितली असती तर म्हणाले असते, हात्तिच्या, एवढंच ना? म्हणून मी तिथे सांगितली नाही.

तू कुठली, कोणाची कोण, किती वर्षं मखमलाबादच्या मळ्यात राबलीस, ते विकासनं छापून आणलेल्या कार्डावर आहे. फोटोही चांगला निवडलाय, लकव्याच्या आधीचा. पण मला तो फोटो परक्या बाईचा वाटतो. मला तोंड जरा वाकडं असलेलीच सुमन आठवते. आपण दोघी जावा, एका घरात म्हाताऱ्या झालो, पण एकमेकींकडे बघायला वेळ कधी होता? तू एका सरीत फुलं तोडायचीस, मी दुसऱ्या. दोघींचे नवरे गेले तेव्हाही आपण एकमेकींशी फार बोललो नाही. या शेवटच्या वर्षात मी तुला जेवढं पाहिलं, तेवढं आधी कधीच पाहिलं नव्हतं.

थंडीत शेवंती तोडताना तुझ्या हातातली पाटी पडली. मी ओरडले, "नीट धर की गं." तू खाली बसलीस आणि माझ्याकडे बघून हसल्यासारखं तोंड केलंस. मला वाटलं, फुलं सांडली म्हणून हसतेय. ते हसू नव्हतं.

दवाखान्यातून आलीस ती उजवा हात घेऊन नाही, उजवा हात वागवत आलीस. धुऊन दोरीवर टाकलेल्या झंपराच्या बाहीसारखा तो लोंबायचा. व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची, गोरी, किडकिडीत, स्कूटीवरून. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आजींनी रोज संध्याकाळी एक गोष्ट सांगायची. आज काय जमलं. कितीही छोटी चालेल. आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम तिथूनच सुरू करायचा."

मी विचारलं, "आणि काय नाही जमलं ते कधी सांगायचं?"

"ते सांगायला कशाला लागतं? ते दिसतंच की सगळ्यांना."

पोरगी तोंडाची पक्की होती. मला आवडली, पण तिचं म्हणणं पटलं नाही. आपल्याकडे पीक हातात आल्याशिवाय पीक चांगलंय म्हणत नाहीत. कोणी विचारलं तरी म्हणायचं, बघू, हाय आपलं बरं. आणि इथे करंगळी हलली तर सांगायची.

तू मात्र तिचं म्हणणं धरून बसलीस. जीभ जड होती तरी म्हणालीस, "आक्का, तुम्ही चौथी पास. मी तिसरीतून शाळा सोडली. परीक्षा तुम्हीच घ्यायची."

मग संध्याकाळी ओट्यावर फुलं निवडायला बसलो की मी विचारायचे, "हं, आज काय जमलं?"

"करंगळी हलली."

"कोणी पाहिली?"

"मी पाहिली."

"मग हलली असंल."

दुसऱ्या दिवशी तू आधी करंगळी हलवायचीस, दहा वेळा बघून घ्यायचीस आणि मगच पुढच्या बोटाला लागायचीस. कालचं झाल्याशिवाय आजचं नाही, असा तुझा हट्ट. जे मिळालं ते आता कोणी नेणार नाही, म्हणायचीस. पुढे मूठ सैल झाली. बोटांच्या फटीत झेंडूचं फूल ठेवलं तर राहायला लागलं. मग तांब्याला हात टेकला. एकदा तू चमचा धरून वरण तोंडापर्यंत नेलंस, अर्धं लुगड्यावर सांडलं. मी म्हणाले, "काय, पेढे वाटायचे का आता?"

"वाटा की. साखर कमी घाला, मला शुगर हाय."

वैशाली हसून हसून आत पळाली. सून आहे तुझी, पण त्या दिवशी मला ती तुझी पोरगीच वाटली.

मी तुला कधी शाबास म्हटलं नाही, सुमन. "बरं" म्हणायचे. कधी "असंल". माझ्याकडून त्याच्यापुढे शब्द जात नाही, हे तुला माहीत होतं. एकदा मी नुसतं "बरं" न म्हणता "बरंय" म्हणाले, तर तू वैशालीला हाक मारून सांगितलंस, "ए, आक्कांनी आज पैकीच्या पैकी दिले."

त्या दिवसांत डावा हात मात्र शहाणा निघाला. आपली ओवायची रीत अशी, की लांब सुई डाव्या हातात उभी धरायची आणि उजव्याने एकेक फूल देठाकडून तिच्यावर खोचायचं. तुला ते होईना. मग विकासनं लाकडाच्या फळीला सुई उभी ठोकून दिली. तू फळी मांडीखाली दाबून डाव्या हाताने फुलं खोचायला लागलीस. उन्हाळ्यापर्यंत तुझं तोरण माझ्या तोरणापेक्षा सरळ उतरायला लागलं. माझी माळ कायमची सैल. म्हणूनच तर सासूबाईंनी, थोरली मी असून, घटाच्या माळा तुझ्याकडे दिल्या होत्या. मला तेव्हा राग आला होता. पुढे गेला.

तू डाव्या हाताने दारांची तोरणं केलीस, गाड्यांचे हार केलेस, लग्नाच्या मंडपाच्या लडी केल्यास. पण देवाचा हार आला की हात आखडता.

"डाव्या हाताचा देवाला नको."

"का? देव हात बघतो का?"

"तो बघत नसंल. मी बघते ना."

"आणि परवा त्या पुढाऱ्याच्या सत्काराचा एवढा मोठा हार केलास तो?"

"पुढाऱ्याला डाव्या हाताचाच बरा."

इथपर्यंत हसणं. पण हसून झाल्यावर मी भांडायचे. मला खरंच राग यायचा. जो हात चालतो त्याला कमी म्हणायचं आणि जो मेल्यासारखा पडलाय त्याची वाट बघायची, ही कुठली रीत? डाव्याने तुला परत भाकरी मिळवून दिली. मी म्हणायचे, "ज्या हातानं जमतंय त्यानं कर आणि सुखी राहा. आपल्या वयात एवढं पुष्कळ झालं."

तू म्हणायचीस, "पुष्कळ कोणी ठरवलं?"

हे भांडण आपलं मिटलंच नाही. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं, देवाला डावा चालला असता.

श्रावणात तुला ताप आला. साधा ताप, घरोघरी होता. आठवडाभर तू अंथरुणावर होतीस आणि उठलीस तर उजवी मूठ पुन्हा मिटलेली. चमचा नाही, तांब्या नाही. फूल फटीत ठेवलं तर खाली पडलं. त्या संध्याकाळी मी विचारलंच नाही. तू तोंड भिंतीकडे करून म्हणालीस, "विचारा की."

"काय विचारू?"

"विचारा, म्हंजे मी सांगते. काहीच नाय जमलं."

मग तू रडलीस. लकव्यात रडली नव्हतीस, नवरा गेला तेव्हा चारचौघींत रडली होतीस, पण असं नाही. मी जवळ बसून राहिले. पाठीवर हात बित ठेवला नाही, मला ते येत नाही. मनात म्हटलं, मी सांगत होते. जे मिळालं ते कोणी नेणार नाही म्हणत होतीस, बघ, नेलं. अशा गोष्टी मोजू नयेत, त्या आपल्या कधी नसतातच. हे तोंडावर आलं होतं. तुझ्याकडे बघून गिळलं.

सकाळी उठून बघते तर तू ओट्यावर. डाव्या हाताने उजव्याची करंगळी धरून हलवतेयस.

"पुन्हा पहिलीत बसवलं मला," म्हणालीस.

"लाज नाही वाटत, एवढी घोडी झालीस आणि पहिलीत?"

"पोरं लहान हायेत वर्गातली. पण मला धडा पाठ हाय."

आणि खरंच, पहिल्यांदा ज्याला थंडी आणि उन्हाळा गेला होता ते गणपतीपर्यंत परत आलं. का आलं ते त्या स्कूटीवाल्या पोरीला विचारलं. ती काहीतरी मेंदूचं सांगत होती. मला एवढंच कळलं, की ताप सगळं धुऊन नेतो असं मी धरून चालले होते, ते तसं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी तुला सांगितली नाही. माझे गुडघे गेल्यापासून मी मळ्यात उतरत नव्हते, ओट्यावरूनच बघायचे. तू पुन्हा पहिलीत बसलीस तेव्हा मी सकाळी तू झोपेत असताना उतरायला लागले. आधी पहिल्या वाफ्यापर्यंत. तो जमला की दुसऱ्या. पितृपक्षात मी विहिरीपर्यंत जाऊन आले. धाप लागली, काठीवर रेलून उभी राहिले आणि विहिरीत बघितलं. पाणी बरंच वर होतं. तुला सांगायचं होतं, पण म्हटलं दसऱ्याला सांगू, तुझी माळ झाली की. उगाच तुझ्या बरोबरीनं मीपण काहीतरी करतेय असं दाखवायला नको. आता रोज जाते. येऊन गप्प बसते.

घट बसले. मातीत गहू पेरला, वर कलश ठेवला. पहिली माळ विड्याच्या पानांची, ती वैशालीनं केली. दुसऱ्या दिवसापासून फुलांच्या. तू पहाटे आंघोळ करून बसलीस. सुई डाव्या हातात, फूल उजव्या. मधे मधे बोलत होतीस, वैशालीला भोपळ्याच्या घारग्यांत गूळ किती घालायचा ते सांगत होतीस. फुलं ओवणारी बाई हाताकडे बघत नाही. बघावं लागत नाही. सुईचं टोक फुलातून आलं की बोटाला कळतं आणि बोट बाजूला होतं. आपल्या सगळ्यांचं असंच. पण तुझ्या उजव्या बोटाला टोक कळत नव्हतं, हे आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही.

माळ पुरी व्हायला आली होती. झेंडू आणि मधे पांढरी शेवंती. मी चष्मा लावून बघितलं तर शेवंतीवर लाल.

"सुमन, रक्त लागलंय."

"कुठं?"

"माळेला. बोट बघ तुझं."

तू बोट वळवून बघितलंस. तीन-चार ठिकाणी टोचलेलं, आणि तुला पत्ता नाही. वैशाली म्हणाली, "आई, तेवढी फुलं काढून टाकू ना." तू धागा ओढलास आणि सगळी फुलं परडीबाहेर सांडलीस. त्या दिवशीची माळ वैशालीनं ओवली. तू दुपारी जेवली नाहीस. मला वाटलं, आता हे बंद होईल, आणि खरं सांगायचं तर वाटलं, बंद झालं तर बरं.

संध्याकाळी तू पुन्हा सुई घेऊन बसलीस, उरलेल्या फुलांवर, सरावाला. आता हाताकडे डोळे लावून. मी शेंगा सोलत होते. एकदम तू हात झटकलास.

"काय झालं?"

"आक्का, टोचलं."

"कुठे लागलं बघू."

"अहो, टोचलं. मला कळलं. दुखलं."

बोट तोंडात घालून तू हसत होतीस. मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, टोचलं म्हणून एवढी खूश झालेली एकच. त्या संध्याकाळी मी विचारायच्या आधीच तू उत्तर देऊन मोकळी झाली होतीस.

पण माळेत एक अडचण असते, ती हातात नसते. हातात आज जमलं ते उद्या पुढे नेता येतं. माळेत कालची फुलं चालत नाहीत. देवीला आजची ताजी फुलं, एका बैठकीत ओवलेली. म्हणजे काल वीतभर झाली असली तरी आज परत पहिल्या फुलापासून. तिसऱ्या माळेला तुझी वीतभर झाली आणि हात थांबला. ती तुळशीला घातली. चौथ्या माळेला हातभर झाली. तीही तुळशीला. तू म्हणालीस, "फुलं शिळी होतात. हात नाय होत."

पाचव्या माळेच्या सकाळी तू अर्ध्याच्या पुढे गेली होतीस. मी बाजूलाच होते. झेंडू, झेंडू, शेवंती, असं एकसारखं उतरत होतं. एक डाग नाही. मग तू माळ परडीत ओल्या फडक्यावर ठेवलीस, सुईसकट, आणि म्हणालीस, "हात दमला. आक्का, घोटभर चहा द्या, मग पुरी करते."

मी चहा घेऊन आले तर तू खांबाला टेकली होतीस. मी म्हणाले, "घे, गरम आहे." दुसऱ्यांदा म्हणाले नाही. कळलं.

वैशालीला वाटत होतं, माळ तुझ्या अंगावर घालावी. परडीकडे हात गेला तिचा. मी म्हणाले, "हात लावू नकोस. तिनं स्वतःसाठी नव्हती केली." विकासनं माझ्याकडे बघितलं. त्याला मी दगड वाटले असणार. वाटू दे. तुला बाजारातला हार घातला, गुलाबाचा, महाग. तुला आवडला नसता, सोनेरी कागद होता त्यात.

सुतकात घरच्यांनी घटाला हात लावायचा नाही. म्हणून तुला पोहोचवून आल्यावर शेजारची जिजाबाई आंघोळ करून आली, माळ घालायला. स्वतःची एक करूनच आणली होती. आम्ही देवघराच्या उंबऱ्याबाहेर. मी तिला म्हणाले, "जिजा, ओट्यावर परडी आहे. त्यातली घाल."

तिनं आणून बघितली. "ही अर्धी हाय."

"अर्ध्याच्या पुढे आहे."

"आक्का, सुतकातली ना ही?"

"ओवली तेव्हा कसलं सुतक? ती जिती होती. नंतर कोणी हात लावलेला नाही, मी बसून होते."

जिजाबाईनं माळ तळहातावर घेतली. मग म्हणाली, "पुरी करू का मी? फुलं हायेत माझ्याकडे."

"नको."

"अहो, वरून बांधली तर घटापर्यंत यायची नाय ती. माळ घटाला टेकायला पाहिजे."

"मला माहीत आहे काय पाहिजे ते. तुझीही घाल. आणि हीपण बांध. पण एक फूलही वाढवू नकोस."

तिनं सुई काढली, फुलं गळू नयेत म्हणून धाग्याला गाठ मारली. आधी तिची माळ बांधली, ती वरून खाली कलशाला नीट टेकली. शेजारी तुझी. ती घटाच्या वर अधांतरीच राहिली. खाली गहू नुकता उगवला होता, बोटभरसुद्धा नव्हता.

पुढचे दिवस जिजाबाई रोज येऊन पाणी घालायची, नवी माळ बांधायची. मी उंबऱ्यापाशी पाट टाकून बसायचे. करायला काही नव्हतं. गहू वाढत होता. अंधाऱ्या कोपऱ्यात वाढतो तसा, पिवळट, उंच. काल जिथे होता त्याच्या वर आज. तुझी माळ वाळत होती आणि वाळताना आखडत होती.

दसऱ्याला घट हलवायच्या आधी वैशाली माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "मोठी आई, बघा ना. धान माळेला टेकलं. आईंची माळ पोहोचली." तिचे डोळे भरले होते. मी तिला नाही म्हटलं नाही. चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला आणि नीट बघितलं.

तुला खोटं सांगणार नाही, सुमन. बोटभर राहिलं होतं.